मेतकुटाचा दुसरा डबा

आमच्या स्वयंपाकघरात मेतकुटाचे तीन डबे होते आणि त्यातल्या एकातच मेतकूट असायचं. तिन्ही एकसारखे, स्टीलचे, घट्ट झाकणाचे, आईने लग्न होऊन सांगलीहून लखनऊला येताना आणलेले. एकात मावशीने कुरिअरने धाडलेलं मेतकूट. बाकीच्या दोनांत गोळ्या, एकात चालू महिन्याच्या आणि दुसऱ्यात पुढच्या. आईच्या आणि माझ्या. दोघींना एकच गोळी होती, लांबट, फिकी, गिळल्यावरही घशात थांबल्यासारखी वाटणारी. एआरटी केंद्रातून, म्हणजे मोठ्या सरकारी इस्पितळातल्या ज्या खोलीत एचआयव्हीची औषधं फुकट मिळतात तिथून, आई बाटल्या आणायची आणि चपला काढायच्या आधी त्या डब्यात ओतायची. मग रिकाम्या बाटल्यांवरची लेबलं गरम पाण्यात भिजवून सोलायची, त्यांचे बारीक तुकडे करायची आणि ते भाजीच्या देठांत मिसळून कचऱ्यात टाकायची. आज मी लोकांसाठी पत्रकं लिहिते आणि प्रत्येक पत्रकात ठळक अक्षरांत छापते की गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा, डब्यात ओतू नका, दमट हवेने खराब होतात. आईला हे माहीत नव्हतं असं नाही. तिला दमट हवेपेक्षा माणसांची भीती जास्त होती, आणि अलीगंजमधल्या त्या घरात राहिलेल्या कुणालाही तिचा हिशोब चुकीचा वाटणार नाही.

घर म्हणजे तिवारींच्या बंगलीचा वरचा मजला. दोन खोल्या, गच्चीचा तुकडा आणि एक जिना, जो उतरताना तिवारी आंटींच्या तख्तासमोरूनच, म्हणजे लाकडी बैठकीसमोरूनच जावं लागे. आंटी त्या तख्तावर वाटाणे सोलत, स्वेटर विणत, पेपर वाचत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत. आम्ही दर महिन्या-दोन महिन्यांनी इस्पितळात का जातो हे त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं आणि आईने 'थायरॉईड' सांगितलं होतं. तेव्हापासून आंटी आमच्या थायरॉईडची इतकी काळजी घेत की आईला दोन वर्षं त्यांच्यादेखत फ्लॉवरची भाजी घेता आली नाही, कारण थायरॉईडला फ्लॉवर चालत नाही असं त्यांच्या बहिणीने सांगितलं होतं. बाबा मी चार वर्षांची असताना गेले. ते सांगलीत टायफॉईडने गेले होते, लखनऊत हार्टने आणि केंद्रातल्या कागदावर ज्याने गेले त्याने. मला माझं स्वतःचं कळलं ते अकराव्या वर्षी, केंद्राच्या भिंतीवरचं पोस्टर वाचून. तोवर मीही थायरॉईडवालीच होते.

त्या शब्दाला आमच्या घरात प्रवेश नव्हता. गोळ्यांना मेतकूट म्हणायचं, केंद्राला 'तिकडे', आणि केंद्रातून मिळणाऱ्या हिरव्या पुस्तकाला, ज्यात नाव, फोटो, कधी कुठलं औषध दिलं ते सगळं लिहिलेलं असतं, त्याला काहीच म्हणायचं नाही. दोन्ही हिरव्या पुस्तकांना आईने शाळेच्या वह्यांसारखी खाकी कव्हरं घातली होती आणि वर नावाची चिठ्ठी चिकटवली होती. माझ्या पुस्तकावर 'विषय: मराठी', तिच्या पुस्तकावर 'विषय: मराठी व्याकरण'. लखनऊत हे पुस्तक कुणी कुतूहलानेसुद्धा उघडणार नाही, हे तिचं म्हणणं. रोज संध्याकाळी आठला आईच्या फोनचा गजर व्हायचा. ती आधी माझ्या हातावर एक ठेवायची, मग स्वतःच्या, आणि पाणी पिऊन झालं की मला म्हणायची, "जीभ वर कर." लहानपणी मी एकदा गोळी जिभेखाली ठेवून नंतर कुंडीत थुंकली होती, तेव्हापासूनची ही झडती. मी दहावी पास झाले, बारावीला बसले, माझी उंची तिच्याहून जास्त झाली, तरी जीभ वर करावी लागायचीच. मग गरम भात, त्यावर तूप आणि मेतकूट. हे खरं मेतकूट. दोन्ही मेतकुटं एकाच वेळी पोटात जायची.

आता भाषेचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. मला मराठी सगळी कळायची, पण बोलायची मी हिंदीच. आई मराठीत विचारणार, मी हिंदीत उत्तर देणार. लखनऊच्या मराठी घरांत हे सगळीकडेच असतं, बँकवाल्यांच्या घरात, रेल्वेवाल्यांच्या घरात. आयांनी कटकट करायची आणि पोरांनी "हाँ हाँ, समझ गई" म्हणायचं. जे काही मराठी मी बोलायची तेही अर्धं तोडून, हिंदीत बुडवून. आई म्हणायची, तुझं मराठी ऐकून देवसुद्धा दुभाष्या मागेल.

त्या वर्षी टीव्हीवर चीन, मग इटली, मग केरळ असं जवळजवळ येत चाललं होतं. केंद्रात त्याआधीच्या वेळी मी एकटीच गेले होते. सतरा वर्षांची झाले म्हणून आईने ते काम अधूनमधून माझ्यावर सोपवलं होतं. त्या दिवशी साठा कमी होता, म्हणून दोन महिन्यांऐवजी एकाच महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. मी त्या एका डब्यात ओतल्या, दुसरा तसाच फळीवर ठेवला आणि आईला सांगायचं विसरले. बोर्डाचे पेपर चालू होते. हे कारण मी इतक्या जणांना दिलंय की आता मलाच त्याचा कंटाळा आलाय.

मग मार्चमधल्या एका शुक्रवारी आई भाकरी थापत होती. इस्पितळात कोरोनासाठी वेगळा वॉर्ड काढल्याचं तिने ऑफिसात ऐकलं होतं. ती विम्याच्या एका खाजगी कंपनीत होती, आणि तिथे दिवसभर हेच बोलणं चालायचं. तिने पीठ लागलेल्या हातांनीच विचारलं की पुढच्या महिन्याचा मेतकुटाचा डबा आहे ना गं. मी कानात इअरफोन घालून मोबाईलवर काहीतरी बघत होते. मी फळीकडे मान वळवली. डबा होता, झाकण अर्धवट लागलेलं, आत काही नाही. मी म्हणाले, "खालीए."

बस, एवढंच. मला म्हणायचं होतं, खाली है. रिकामा आहे. आईने ऐकलं, खाली ए. खाली आहे. खालच्या कपाटात आहे. तिथे, ओट्याखालच्या कपाटात, खरोखरच एक तसाच डबा होता, झाकण घट्ट लावलेला. तिने वाकून पाहिला, जड लागला, तिचं समाधान झालं. त्या गर्दीत कशाला जायचं, वातावरण निवळलं की पुढच्या शनिवारी जाऊ, असं तिने ठरवलं. पुढचा शनिवार आलाच नाही. म्हणजे आला, पण तो देश बंद झालेला शनिवार होता.

पहिले दिवस कसे गेले ते सगळ्यांना आठवत असेल, मी पुन्हा सांगत नाही. मला आवाज आठवतात. सकाळी स्कूटर सुरू होण्याचे आवाज बंद पडले आणि कबुतरं ऐकू यायला लागली. पोलिसांची जीप भोंग्यावरून "घर में रहिए" सांगत फिरायची. भाजीवाला नेहमीसारखी आरोळी न देता गेटापाशी हळूच घंटी वाजवायचा, जणू चोरीचे दोडके आणलेत. दुपारी बख्शी का तालाबच्या हवाईतळाच्या बाजूने एखादं विमान गेलं की तिवारी अंकल अंगणात येऊन वर बघत. आंटींनी जिन्याचा कठडा दिवसातून चार वेळा ब्लीचिंगने पुसायला सुरुवात केली. आमच्याकडून येणारी वाटी त्या आधी हातात घेत, आता पायरीवर ठेवायला सांगू लागल्या. वाटी आमची म्हणून की सगळ्यांचीच, ते कळायला मार्ग नव्हता. आईला त्यात एक विचित्र दिलासा वाटला. ती म्हणाली, आता सगळेच आपल्यासारखे झाले. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. दोन हात लांब उभं राहणं, भांडं वेगळं ठेवणं, आजाऱ्याच्या दारावर कागद चिकटवणं, हे जगाला अचानक सुचलेलं नव्हतं. त्याची तालीम आमच्यावर आधीच झालेली होती.

आणि त्यातच एके दिवशी आंटींनी जिन्याच्या खालून आईला विचारलं, "भाभी, सुना है एड्स वालों की दवा से कोरोना भाग जाता है. कहाँ मिलती होगी?" कुठल्याशा ग्रुपवर आलं होतं. आई वरच्या पायरीवर, हातात केर भरलेली सुपली. ती म्हणाली, पता नहीं भाभीजी. आंटी म्हणाल्या, अंकल किसी से मँगवाने की सोच रहे हैं. आई आत आली, दार लावलं आणि ओट्याला टेकून हसायला लागली. मी तिला इतकं हसताना फार कमी पाहिलंय. हसता हसता खोकायला लागली. आणि खोकला थांबेना.

तो कोरडा खोकला होता. दुसऱ्या दिवशी अंग कोमट. आईने अद्रक घालून काढा केला, मला आतल्या खोलीत झोपायला लावलं, आपण बाहेरच्या खोलीत, आणि खोकला आला की तोंडावर उशी दाबायची, कारण खाली ऐकू गेलं असतं तर आंटींनी फोन केला असता आणि दारावर पोस्टर लागलं असतं, आणि कुणी नेलं असतं तर पहिला प्रश्न विचारला असता, आधीपासून काही आजार आहे का. आम्हाला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. आमच्यासारख्यांना हा नवा विषाणू जास्त मारतो का, हे टीव्हीवर कुणी सांगत नव्हतं. डायबेटिसवाल्यांचं सांगत, बीपीवाल्यांचं सांगत. आमचं नाव त्या यादीत नसायचं. एवढं मात्र केंद्रातल्या समुपदेशक नसीम बाजींनी, म्हणजे नसीमताईंनी, दहा वेळा बजावलेलं होतं की गोळी चुकली की शरीर उघडं पडतं. ते अजूनही तितकंच खरं आहे.

खोकल्याच्या दुसऱ्याच दिवशी चालू डब्याचा तळ दिसायला लागला. आईने मला खालच्या कपाटातला डबा काढायला सांगितला. मी विचारलं, कौन सा डिब्बा. ती म्हणाली, तूच म्हणालीस ना खाली आहे. मी वाकले, डबा काढला, झाकण उघडलं. हिंग, हळद, भाजलेल्या डाळींचा वास. तो मेतकुटाने गच्च भरलेला होता; रोजच्या वापराचं ओट्यावरच्या बरणीत असायचं, म्हणून हा कुणी उघडलाच नव्हता.

 मग मी फळीवरचा दुसरा डबा काढून तिच्यापुढे उलटा धरला आणि म्हणाले, खाली है, मतलब खाली. आईला कळलं. ती ओरडली नाही. तिने फक्त चालू डब्यातल्या गोळ्या ताटलीत ओतल्या आणि बोटाने एकेक सरकवत मोजल्या. दहा. दोघींना पाच दिवस.

त्यानंतरचे तीन दिवस मी फोनला चिकटून होते. केंद्राचा फोन लागत नव्हता, लागला तर उचलत नव्हते. हेल्पलाइनवरचा माणूस म्हणाला की नजीकच्या इस्पितळात जा, आणि नजीकचं इस्पितळ कोरोनाचं झालेलं. औषधाच्या दुकानात ही गोळी मिळत नाही, आणि मिळाली असती तरी अलीगंजच्या दुकानदाराला चिठ्ठी दाखवायची म्हणजे सगळ्या सेक्टरला दाखवण्यासारखं. शेवटी नसीम बाजींचा स्वतःचा नंबर आईच्या जुन्या फोनमध्ये सापडला. त्या म्हणाल्या की केंद्र मागच्या गेटापाशी सायकल स्टँडच्या शेडमध्ये हलवलंय, दहा ते बारा उघडं असतं, येता येत असेल तर या, पोलिसाला हिरवं पुस्तक दाखवा, सोडतात. आई ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने सरळ सांगितलं की ते पुस्तक आपण रस्त्यावर कुणाला दाखवणार नाही. दोन-चार दिवसांत काहीतरी सोय होईल. अजून आहेत गोळ्या. मी म्हटलं, सहा. ती म्हणाली, पुरतील.

कशा पुरतील ते मला त्याच संध्याकाळी कळलं. आठचा गजर झाला, तिने दाराच्या फटीतून माझी गोळी सरकवली, मी घेतली, जीभ दाखवली. मग ती आंघोळीला गेली, आणि मी पहिल्यांदाच डबा तिच्या मागे उघडला. दहातून तीन दिवसांच्या सहा गेल्या तर चार राहायला हव्यात. सात होत्या. मी पुन्हा मोजल्या. सातच. पहिल्या संध्याकाळपासून ती माझ्यासमोर पाण्याचा पेला तोंडाला लावत होती आणि नुसतं पाणी पीत होती. खोकत, ताप अंगात, आणि गोळी नाही.

ती बाहेर आली तेव्हा मी डबा हातात धरून उभी होते. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "तुझी परीक्षा आहे." बारावीचे उरलेले पेपर पुढे ढकललेले होते, केव्हा होतील ते कुणाला माहीत नव्हतं. इतकं वेडगळ कारण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझं सगळं हिंदीत होतं आणि खूप वाईट होतं, आणि त्यातलं निम्मं तिच्यावर नसून बाबांवर होतं. तिने शांतपणे तुपाची वाटी झाकली.

सकाळी ती झोपलेली असताना मी देवघराच्या खणातून दोन्ही पुस्तकं काढली, मराठी आणि मराठी व्याकरण, ओढणी तोंडाला बांधली आणि स्कूटी ढकलत गेटाबाहेर नेली. माझ्याकडे लायसन्स नव्हतं. घराजवळच्या कपूरथला चौकात कुणी नव्हतं. दुकानांची शटर्स, सिग्नल उगाच लाल-हिरवे होत असलेले, मधोमध बसलेली एक गाय. मला इतक्या मोकळ्या रस्त्यावर स्कूटी चालवायची हौस कितीतरी दिवसांची होती, आणि मी सगळा रस्ता वीसच्या वर गेलेच नाही.

गोमतीच्या पुलावर बॅरिकेड होतं. पुढे एक अँब्युलन्स, दोन दूधवाले, एक औषधांचा टेम्पो. एका शिपायाने माझ्या कपाळावर ती तापाची बंदूक धरली, दुसऱ्याने, मिशा मास्कबाहेर आलेल्या, विचारलं कहाँ. आणि माझ्या तोंडून घरचाच शब्द गेला. मी म्हणाले, मेतकूट लेने. तो म्हणाला, क्या लेने? मी पुस्तकं पुढे केली. त्याने ती हातात घेऊन वरची चिठ्ठी वाचली. मराठी. त्याने माझ्याकडे बघितलं. "स्कूल बंद है मैडम. सारी दुनिया मर रही है और इनको मराठी पढ़नी है." दूधवाला हसला. शिपाई पुस्तकं परत करायला लागला, स्कूटी वळवायची खूण केली. मागे टेम्पोने हॉर्न दिला.

मी म्हणाले, "कवर निकालिए. एचआईवी की दवा लेने जा रही हूँ."

तो शब्द मी त्याआधी कधीच मोठ्याने उच्चारला नव्हता. केंद्रातसुद्धा नाही, तिथे सगळे 'दवा', 'बीमारी' असंच म्हणतात. मास्कमुळे तो मला स्वतःला कुणा दुसरीचा वाटला. शिपायाने पान उघडलं, माझा फोटो पाहिला. मग दुसरं पुस्तक उघडलं, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. त्याने बोट ठेवून वाचलं, "सुनंदा थोम्बरे. गौरी थोम्बरे." थांबला. "माँ-बेटी दोनों?"

मी मान हलवली. त्याने पुस्तकं स्कूटीच्या सीटवर ठेवली आणि काठीच्या टोकाने माझ्याकडे सरकवली. तो एक पाऊल मागे गेला. मग पुढच्या शिपायाला ओरडून सांगितलं, एड्स वाली है, जाने दो. पुढच्याने बॅरिकेड असं घाईने ओढलं की ते माझ्या मागच्या चाकाला लागलं. माझ्या कामात आता मी पोलिसांच्या प्रशिक्षणालाही जाते. लोक विचारतात, नेमकं काय शिकवायचं त्यांना. मी म्हणते, हळू बोलायला शिकवा, बाकीचं नंतर.

शेडमध्ये नसीम बाजी पांढऱ्या रेनकोटसारख्या पोशाखात होत्या, आवाजावरून ओळखल्या. जमिनीवर चुन्याची वर्तुळं काढली होती आणि एकेका वर्तुळात एकेक माणूस. पुढच्या वर्तुळात एक म्हातारेसे गृहस्थ सायकल धरून उभे होते, सायकलला दुधाचे दोन कॅन. बख्शी का तालाबच्या पलीकडच्या गावातून सकाळपासून पायडल मारत आले होते. कॅनवर बोटाने टकटक करून म्हणाले, खाली हैं, दूधवाला समझ के छोड़ देते हैं. मग विचारलं, "बिटिया, तुम क्या बोल के आई?"

"सच बोल के," मी म्हणाले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सच से तो दूध अच्छा."

बाजींनी दोघींच्या एकेक महिन्याच्या बाटल्या दिल्या, सुनंदाजी की खाँसी कैसी है ते विचारलं, श्वास लागला तर काय करायचं आणि कुणाला फोन करायचा ते कागदावर लिहून दिलं. मी त्यांना सांगितलं की आईने तीन दिवस गोळी घेतली नाही. आईला बोलायचं ते सगळं त्या मला बोलल्या. परतताना पुलावर तोच मिशीवाला होता. त्याने या वेळी पुस्तकं मागितली नाहीत. हळू आवाजात विचारलं, मिल गई? मी म्हणाले, मिल गई. तेवढ्याने मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा मला पुलापासून घरापर्यंत राग येत राहिला.

गेटाशी तिवारी आंटी फवाऱ्याची बाटली घेऊन उभ्या. कहाँ गई थी, सुबह सुबह. मी म्हणाले, अस्पताल, थायराइड की दवा. सगळ्या पुलाला ऐकवलेला शब्द मी त्या तख्तासमोर पुन्हा गिळला. मी याचं समर्थन करत नाही, पण आता मला कळतं की तो गिळायला हवाच होता. माझं मी काय सांगायचं ते माझं. त्या घरात राहणाऱ्या दुसऱ्या बाईचं मी आधीच एकदा तिला न विचारता चव्हाट्यावर मांडून आले होते. आंटींनी माझ्या चपलांवर, स्कूटीच्या हँडलवर आणि पिशवीवर फवारा मारला. म्हणाल्या, फूलगोभी तो नहीं खा रही हो न.

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. चेहरा सुजलेला, शाल गुंडाळलेली. आम्ही आत जाऊन दार लावलं. मी बाटल्या ओट्यावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, बॅरिकेड, कव्हर, दोन्ही पुस्तकं. हेही सांगितलं की तिचं नाव त्याने मोठ्याने वाचलं, दूधवाल्यांसमोर, टेम्पोवाल्यासमोर. ती खोकली. मग म्हणाली, "नीट वाचलं का?"

"थोम्बरे," मी सांगितलं.

"या गावात वीस वर्षांत एकानेही ठोंबरे नीट वाचलेलं नाही," ती म्हणाली. "मग ती दुसरीच कुणी बाई असेल." पण त्यानंतर कितीतरी वर्षं ती त्या पुलावरून जाताना मास्क वर ओढायची, कोरोना संपल्यावरही. मी तिची अजून रीतसर माफी मागितलेली नाही. ती अजून लखनऊत आहे, त्याच नोकरीत, आणि हे प्रकरण छापायच्या आधी मी तिला वाचून दाखवलं. नावं बदल म्हणाली. बदलली आहेत.

तो खोकला काय होता ते आम्हाला कधी कळलं नाही. तपासणी केली नाही. आठ-दहा दिवस मी दाराच्या फटीतून तिच्या छातीची धाप मोजत बसायची, घड्याळ धरून, बाजींनी लिहून दिल्याप्रमाणे. आता मी ज्यांच्यासोबत काम करते त्या गटातल्या काही जणांच्या घरी ते दिवस वेगळे गेले, त्यांच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, ते त्यांनी लिहावं.

पण मी बाटल्या आणल्या त्याच दिवशी संध्याकाळी मी भात लावला. शिट्ट्या दोन जास्त झाल्या, खाली धरला. बाटल्या उघडल्या नाहीत, लेबलं भिजवली नाहीत, तशाच फळीवर ठेवल्या, तोंड भिंतीकडे करून. आठचा गजर झाला. आई दाराच्या पलीकडे खुर्चीवर बसली, मी अलीकडे. मी एक गोळी तिच्या ताटलीत सरकवली, मग माझी घेतली. तिने पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि शाल सारखी केली.

"जीभ वर कर," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याशी मराठीत बोलले हे तिच्या आधी लक्षात आलं, की मी काय म्हणाले ते, मला सांगता येणार नाही. तिने तोंड उघडलं, जीभ वर केली आणि मला नीट दिसेपर्यंत तशीच धरून ठेवली.